वादळ आले की लाइट का जाते?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वादळाच्या दुसऱ्या दिवशी आमचा फोन सकाळी लवकरच वाजू लागतो. प्रश्न बहुधा एकच असतो: "समोरच्यांकडे लाइट आहे, मग आमच्याकडेच का नाही?" घरातले वायरिंग, मेन बोर्ड आणि अर्थिंग ही आमची कामे. खांबावरची लाइन वीज कंपनीची. बिघाड कोणाच्या हद्दीत आहे याचा अंदाज आला, तर फोन कोणाला करायचा हे तुमचे तुम्हालाच कळते आणि अंधारातले दोन तास वाचतात.

वीज तुमच्यापर्यंत येते ती बरेच टप्पे ओलांडत. वीज केंद्रापासून उंच टॉवरवरून लाखो व्होल्टच्या दाबाने ती सबस्टेशनला येते. तिथून साधारण 11 हजार व्होल्टचा फीडर निघतो, तो खांबाखांबावरून वस्तीत शिरतो. डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब 400 आणि 230 व्होल्टपर्यंत उतरतो आणि शेवटी सर्व्हिस वायरने वीज तुमच्या मीटरवर येते. टॉवरच्या लाइनखाली झाडे वाढू देत नाहीत, शिवाय त्या उंच असतात. वस्तीतले खांब मात्र बुटके, झाडांच्या गर्दीत आणि भिंतींना खेटून उभे. वादळात बहुतेक घरांची लाइट जाते ती या शेवटच्या टप्प्यात. टॉवरही पडतात, पण ती गोष्ट वेगळीच. सप्टेंबर 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको हे अख्खे बेट अंधारात गेले आणि शेवटच्या घरांपर्यंत वीज पोहोचायला जवळपास 11 महिने लागले.

वारा आणि झाड

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी 50 किलोमीटरच्या वाऱ्यात डुलणारे झाड 100 च्या वाऱ्यात का मोडते, ते यावरून कळेल. पानांनी भरलेला शेंडा शिडासारखा वारा अडवतो आणि पावसाने भिजलेल्या मातीची मुळांवरची पकड सुटलेली असते. खांबाचेही तसेच. पाया भुसभुशीत झाला की ताणतारेच्या भरवशावर तो किती वेळ सरळ राहणार?

खांबावरच्या तारांना बहुतेक ठिकाणी वरून आवरण नसते. एक तार दुसरीपासून अलग राहते ती फक्त मधल्या हवेमुळे. तारा सैल असतील तर वाऱ्याने झोके घेत एकमेकींना लागतात आणि ठिणग्या उडतात. फांदी दोन तारांवर आडवी पडली, तर लाइट लगेच जाईलच असे नाही. ओल्या सालीतून आधी थोडासा प्रवाह वाहतो, त्याने साल तापते, सुकते, मग जळते. जळालेल्या सालीचा कोळसा विजेला चांगली वाट देतो. एका तारेपासून दुसरीपर्यंत ती काळी रेघ पूर्ण झाली की मोठा आवाज होऊन लाइन बंद पडते. म्हणूनच फांदी आठला पडते आणि लाइट साडेआठला जाते, आणि लोकांना वाटते की वारा थांबल्यावर कोणीतरी मुद्दाम बंद केली.

तसे पाहिले तर मुद्दामच बंद होते, पण ती बंद करणारे यंत्र असते. फांदी पडली किंवा तार जमिनीला लागली की प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट वाढतो. तो तोडला नाही तर तारा वितळतील, ट्रान्सफॉर्मर जळेल. म्हणून सबस्टेशनमधला ब्रेकर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप लाइन तोडतो, किंवा डीपीवरचा डीओ फ्यूज (उडाला की खाली लोंबणारा फ्यूज) उडतो. फ्यूज काही मिनिटांत बदलता येतो. जळालेला ट्रान्सफॉर्मर उतरवून दुसरा चढवायला मात्र दिवस जाऊ शकतो.

लाइट लुकलुकते ती का?

आकाशातली वीज लाइनवरच पडायला हवी असे नाही. जवळपास पडली तरी तारांत क्षणभर प्रचंड दाब निर्माण होतो. एका कडकडाटातला प्रवाह साधारण 30 हजार अँपिअरच्या घरात असतो. हा दाब चिनी मातीच्या इन्सुलेटरवरून उडी मारून खांबाकडे जातो आणि त्या उडीच्या वाटेने मागोमाग लाइनची स्वतःची वीजही वाहू लागते. आकाशातली वीज केव्हाच संपलेली असते, पण ही ज्वाळा विझत नाही. ती विझवायला लाइन क्षणभर बंद करावी लागते. बऱ्याच फीडरवरचा ब्रेकर हे आपोआप करतो: बंद होतो, थोडे थांबतो, पुन्हा चालू होतो. बिघाड गेलेला असला तर तुम्हाला नुसती एक लुकलुक दिसते. नसला तर तो पुन्हा तोडतो, आणि दोन-चार प्रयत्नांनंतर कायमचा बंद राहतो. लाइट दोन-तीनदा येऊन-जाऊन मग गेलीच, तर समजा की कोणीतरी जाऊन लाइन पाहिल्याशिवाय ती येणार नाही.

कोरड्या दिवसांत इन्सुलेटरवर धूळ साचते, समुद्राजवळ मीठही. पहिल्या सरीने तिचा चिखल होतो आणि त्यातून वीज झिरपू लागते. नुसत्या भुरभुरीत लाइट जाते त्याचे हे एक कारण.

जमिनीखालच्या केबलला वारा लागत नाही, हे खरे. पण जोडात पाणी शिरले की बिघाड नेमका कुठे आहे ते शोधण्यातच वेळ जातो.

न्यूट्रल तुटला तर

या एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या, कारण वादळात सर्वात जास्त उपकरणे जळालेली आम्ही पाहतो ती यामुळे. डीपीपासून निघणाऱ्या तीन फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तारांच्या, जोडीला न्यूट्रलची, म्हणजे परतीच्या वाटेची, तार असते. ती तुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांच्या मालिकेत जोडली जातात आणि दोन फेजमधले 400 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी समान होत नाही. ज्या घरात कमी उपकरणे चालू, तिथे दाब वाढतो. ज्या घरात जास्त, तिथे घटतो. म्हणजे बिचारा एक दिवा आणि टीव्ही लावून बसलेलाच सापडतो.

खूण सोपी आहे. दिवे अचानक डोळे दिपण्याइतके प्रखर झाले, पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरू लागला किंवा शेजारच्या घरात उजेड मिणमिणता झाला, तर वाट पाहू नका. कोरड्या हाताने मेन स्विच बंद करा आणि शेजाऱ्यांनाही सांगा. याउलट, एकच फेज गेला असेल तर रस्त्याच्या एका बाजूला लाइट आणि दुसऱ्या बाजूला अंधार एवढेच होते. त्यात उपकरणांना सहसा धोका नसतो.

आम्हाला बोलावण्याआधी

बाहेर पाहा. रस्त्यावरचे दिवे आणि शेजाऱ्यांचे दिवे बंद असतील तर तक्रार वीज कंपनीकडे करा. फक्त तुमचेच घर अंधारात असेल तर मेन बोर्ड बघा. बोर्ड ओला असेल किंवा मीटरपर्यंत पाणी चढले असेल तर मात्र त्याला हात लावू नका.

खूप वेळा खाली पडलेली असते ती गळती पकडणाऱ्या आरसीसीबीची खटकी. ती वर केली की पुन्हा पडते आणि लोक म्हणतात, आरसीसीबी खराब झाली. एका घरी आम्हीही तेच समजून ती बदलली, तर नवीही पडली. शेवटी फाटकावरच्या दिव्याची काच उघडली. होल्डरमध्ये चमचाभर पाणी आणि त्यात दोन मेलेल्या मुंग्या. पाणी पुसले, तडकलेली पॅकिंग रिंग बदलली, काम झाले. तेव्हापासून आम्ही आधी अंगणातले, गच्चीवरचे आणि पंपाचे सर्किट बंद करून पाहतो. तुम्हीही सगळ्या एमसीबी (एकेका सर्किटच्या खटक्या) खाली करून आरसीसीबी वर करा आणि मग एकेक एमसीबी चालू करा. जिच्यावर खटकी पडेल ती बंदच ठेवा, बाकी घर चालेल.

तुटलेल्या तारेपासून निदान 10 मीटर लांब राहा. ती निपचित पडली आहे म्हणून मेलेली समजू नका. वर सांगितलेला ब्रेकर तिच्यात कधीही पुन्हा वीज सोडू शकतो. ओल्या जमिनीतही वीज पसरलेली असते. चुकून जवळ पोहोचलात तर दोन्ही पाय जवळ ठेवून, जमिनीवरून घासत बारीक पावलांनी मागे या.

जनरेटर घरातल्या सॉकेटमध्ये खोचून घर चालवू नका. ती वीज मीटरमधून उलटी डीपीवर जाते आणि ट्रान्सफॉर्मर 230 चे पुन्हा हजारो व्होल्ट करतो. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो. घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, ते काम आम्ही करतो. जनरेटर घराबाहेर, खिडक्यांपासून लांब ठेवा. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

वादळ येताना दिसले की टीव्ही, राउटर आणि संगणकाचे प्लग काढा. अचानक वाढलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर उपयोगाचा आहे, अर्थिंग चांगले असेल तर. पण घरावरच वीज पडली तर तोही टिकत नाही. लाइट गेल्यावर फ्रिज, एसी, गीझर, पंप बंद करून एकच दिवा चालू ठेवा. तासन्‌तास बंद असलेल्या घरांतली सगळी यंत्रे एकदम सुरू झाली, तर नुकताच चालू केलेला फीडर त्या भाराने पुन्हा ट्रिप होतो. दिवा लागल्यावर पाच-दहा मिनिटे थांबा आणि एकेक यंत्र चालू करा.

आम्हाला फोन कराल तेव्हा एवढे सांगा: लाइट एकदम गेली की लुकलुकून गेली, शेजाऱ्यांकडे आहे का, आणि बोर्डावरची कोणती खटकी खाली आहे. कोणती शिडी आणि कोणते सामान आणायचे, हे आम्हाला त्यावरून कळते.