भंडारवाडा टेकडी व जोसेफ बाप्टिस्टा उद्यान

मुंबईच्या माझगाव भागातील, हार्बर मार्गावरच्या डॉकयार्ड रोड स्थानकालगतची टेकडी व तिच्या माथ्यावरील महापालिकेचे सार्वजनिक उद्यान. आधी किल्ला, मग जलाशय व त्याच्या छतावर बाग असे या जागेचे स्थित्यंतर झाले. पूर्वेच्या कठड्यावरून गोदी, याऱ्या आणि बंदरात नांगरलेली जहाजे दिसतात.

माझगावचा किल्ला इंग्रजांनी बांधला. त्याचा काळ सामान्यतः 1680च्या सुमाराचा मानला जातो. मुघलांच्या बाजूचा जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान 1689मध्ये शिवडीला उतरला, त्याने माझगाव घेऊन तेथे तळ दिला आणि मुंबईच्या मुख्य कोटाला वेढा घातला. त्या वेळच्या मुंबईचा वृत्तांत लिहिणारा अलेक्झांडर हॅमिल्टन सिद्दीचे सैन्य 20 हजारांचे सांगतो. बेटाचा विस्तार आणि खाडी ओलांडण्याची साधने पाहता हा आकडा फुगवलेला वाटतो. वेढा कसा उठला याविषयी दोन परंपरा आहेत. पारशी परंपरेनुसार रुस्तमजी दोराबजी यांनी कोळ्यांची फौज उभारून सिद्दीला हुसकावले व त्याबद्दल ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना कोळ्यांची पाटीलकी दिली. मात्र हा प्रसंग बहुधा 1692च्या सुमाराचा सांगितला जातो. कंपनीने औरंगजेबाकडे माफी मागून दंड भरल्यावर सिद्दी जून 1690मध्ये निघून गेला आणि जाताना त्याने माझगावचा किल्ला उद्ध्वस्त केला, हा दुसरा वृत्तांत कालक्रमाशी अधिक जुळतो. दोन्ही कथा एकाच वेढ्याच्या आहेत असे गृहीत धरल्यामुळेच बराचसा घोळ झाला असावा.

जलाशय 1884मध्ये बांधण्यात आला. विहार तलावाचे पाणी 1860पासून शहरात येत होते. परंतु ते दक्षिणेकडील दाट वस्तीत पुरेशा दाबाने पोहोचवायचे, तर वाटेत उंचावर साठवण हवी होती. टेकडीवर साठवलेले पाणी पुढे उतारानेच नळांत जाते. टाकीला छत असल्याने पाण्यात घाण पडत नाही. मात्र भाराच्या व मुळांच्या भीतीने अशा छतावर माती बेताचीच टाकतात, त्यामुळे हिरवळ आणि झुडपे यांवर भर राहतो. मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यानही याच पद्धतीचे आहे. (जवळच्या पारशी दखम्यावरची गिधाडे पाणी दूषित करतील म्हणून तेथील टाकी झाकली, ही आख्यायिका मात्र जपूनच घ्यावी.) माझगाव, डोंगरी व गोदीलगतच्या वस्त्यांना भंडारवाडा जलाशयातून आजही पाणी मिळते; कोणत्या गल्लीला केव्हा, हे पालिकेच्या चावीवाल्याच्या (झडपा उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) फेरीवर ठरते.

उद्यानाला जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा (1864–1930) यांचे नाव आहे. माझगावच्या म्हातारपाखाडीत जन्मलेले हे बॅरिस्टर टिळकांचे सहकारी, 1916मध्ये स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष आणि 1925मध्ये मुंबईचे महापौर होते. स्थानिक लोक बागेला ‘माझगाव गार्डन’ असेच म्हणतात.