पोस्ट-स्टडी वर्क व्हिसा : ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात

परदेशी विद्यापीठातून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला त्याच देशात ठरावीक मुदतीपर्यंत राहून काम करण्याची किंवा काम शोधण्याची त्या देशाच्या सरकारने दिलेली परवानगी. ब्रिटनमध्ये ती ग्रॅज्युएट रूट या नावाने मिळते, अमेरिकेत ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग म्हणजे ओपीटी, कॅनडात पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट, ऑस्ट्रेलियात सबक्लास ४८५. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात या सगळ्यांना मिळून ‘पीएसडब्ल्यू’ किंवा नुसते ‘वर्क परमिट’ म्हणतात. ओपीटी काटेकोरपणे पाहता व्हिसाच नव्हे. एफ-१ विद्यार्थी दर्जा कायम ठेवून मिळणारी ती कामाची मुभा आहे. यांपैकी कोणत्याही परवान्यासोबत नोकरी मिळत नाही आणि कायम वास्तव्याचा हक्कही मिळत नाही.

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत कापूस, सोयाबीन, तूर आणि पूर्वेकडे धान यांवर चालणाऱ्या घरांतून परदेशी शिकायला जाणारी मुले-मुली मुख्यतः दोन वाटांनी जातात : बँकेचे शैक्षणिक कर्ज काढून, नाही तर सरकारी शिष्यवृत्तीवर. दोन्ही वाटांवर हा परवाना आडवा येतो, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. पारावर मात्र ‘पोराले व्हिसा भेटला म्हनते, म्हंजे लागला तो तिकडं’ एवढीच बातमी पोचते. प्रत्यक्षात पोरगा कुठे लागलेला नसतो. त्याची मुदत मोजायला सुरुवात झालेली असते, इतकेच.

विदर्भातून विलायतेला शिकायला जाण्याची परंपरा जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख १९२० च्या दशकात एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकले, तेव्हा हिंदुस्थान साम्राज्याचाच भाग असल्याने असल्या परवान्याचा प्रश्नच नव्हता. आजच्या योजना अलीकडच्या, आणि राजकारणाबरोबर बदलणाऱ्या आहेत. ब्रिटनने आपली आधीची टिअर १ (पोस्ट-स्टडी वर्क) योजना एप्रिल २०१२ मध्ये बंद केली. ग्रॅज्युएट रूट १ जुलै २०२१ ला सुरू झाला. मधल्या नऊ वर्षांत शिकून बाहेर पडलेल्या बहुतेकांना ही सोय मिळाली नाही. आता तिच्यावर पुन्हा कात्री लागली आहे : पदवी आणि पदव्युत्तर पदवीधारकांना आजवर दोन वर्षे मिळत, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना अठराच महिने मिळतील. पीएचडीची तीन वर्षे कायम आहेत. म्हणून गावातला दादा चार वर्षांपूर्वी गेला तेव्हा काय होते, यावर विसंबून खर्चाचा अंदाज बांधणे धोक्याचे.

ब्रिटनमधील अर्ज : हा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच, स्टुडंट व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी, ऑनलाइन करावा लागतो. त्यासाठी नोकरीचे पत्र लागत नाही, पगाराची अट नाही, इंग्रजीची नवी परीक्षा नाही, खात्यात शिल्लकही दाखवावी लागत नाही. लागते ते पासपोर्ट, विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी दिलेला कॅस क्रमांक, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्याची विद्यापीठाने गृह खात्याला दिलेली सूचना. ही सूचना जाण्याआधी केलेला अर्ज फेटाळला जातो. पदवीदान समारंभ मात्र व्हावा लागत नाही.

इथेच बरेच जण अडखळतात. सप्टेंबरमध्ये सुरू झालेले वर्षभराचे एमएससी पुढच्या सप्टेंबरात संपते आणि त्यानंतर व्हिसावर चारेक महिने उरतात. निकाल बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात लागतो. प्रबंध पहिल्यांदाच पास झाला तर सगळे सुरळीत होते. तो पुन्हा लिहून द्यावा लागला तर निकाल लांबतो आणि व्हिसाची तारीख जवळ येत जाते. अशा वेळी वकिलाकडे धावण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला लेखी विचारावे. हा सल्ला फुकट असतो आणि त्यांना आपल्या विद्यापीठाचे वेळापत्रक ठाऊक असते. अर्ज केल्यावर निर्णय साधारण आठ आठवड्यांत येतो. तोपर्यंत पासपोर्ट विद्यार्थ्याच्याच हातात असतो, पण देशाबाहेर पाऊल टाकले तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. यातून फक्त आयर्लंड आणि आजूबाजूची बेटे सुटतात. घरी कोणी अत्यवस्थ झाले, अगदी मयत झाली, तरी हा नियम वाकत नाही. गावाकडच्यांनी मुलाला ‘निघून ये’ म्हणण्याआधी एवढे माहीत असावे.

खर्च : एप्रिल २०२५ च्या दराने अर्जाची फी ८८० पौंड. तिच्यासोबत आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे दोन वर्षांचे २,०७०. असे एकूण २,९५० पौंड एकाच वेळी, अर्ज करतानाच भरावे लागतात. रुपयांत ही रक्कम तीन लाखांच्या वर जाते. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तो पूर्ण मिळाला असे धरले तरी ६० क्विंटलांहून अधिक सोयाबीन विकावे लागेल. कोरडवाहू जमिनीत हे चांगल्या बारा-पंधरा एकरांचे पीक झाले, आणि बाजार समितीत हमीभाव मिळेलच असे नाही. परदेशी शिक्षणाच्या खर्चाच्या कागदावर शिकवणी फी, राहणे-खाणे, विमान तिकीट हे सगळे असते. ही रक्कम बहुतेक वेळा नसते. कर्ज मंजूर करून घेतानाच ती वेगळी काढून ठेवणे शहाणपणाचे.

कर्जाचा आणखी एक पैलू आहे. बँका शेतजमीन तारण घ्यायला सहसा राजी नसतात, आणि गावठाणातल्या घराला नुसता ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुरत नाही. त्यामुळे तालुक्याच्या गावचा एखादा अकृषिक प्लॉट किंवा नागपूर-अमरावतीला राहणाऱ्या काकाचा फ्लॅट गहाण पडतो. सर्वसाधारण शैक्षणिक कर्जाचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. म्हणजे दोन वर्षांच्या परवान्याचा मध्यही येण्याआधी, आणि अठरा महिन्यांचा झाला की साधारण मध्यावर. तोवर मनासारखी नोकरी नसेल तर गोदामात किंवा वृद्धाश्रमात मिळेल ते काम करून हप्ता भरावा लागतो. नियमाने त्यात गैर काही नाही. ग्रॅज्युएट रूटवर जवळपास कोणतेही काम चालते, व्यावसायिक खेळाडू म्हणून तेवढे चालत नाही. पण त्या कामात वर्ष गेले की पुढच्या व्हिसासाठी लागणारी नोकरी आणखी दूर जाते.

शिष्यवृत्तीधारक : अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती या दोन योजनांमुळे विदर्भातील कितीतरी घरांतली पहिली पदवीधर पिढी थेट परदेशी विद्यापीठांत पोचली. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही राज्याच्या अशा योजना आहेत. ब्रिटनचा नियम असा, की गेल्या बारा महिन्यांत फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही एखाद्या सरकारने किंवा आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती संस्थेने उचललेला असेल, तर त्या पुरस्कर्त्याचे लेखी संमतिपत्र अर्जासोबत हवे. राजर्षी शाहू योजनेसाठी ते पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयाकडून आणावे लागते, केंद्राच्या योजनेसाठी दिल्लीहून. सरकारी फाईल कशी चालते हे सांगायला नको. म्हणून निकालाची वाट न पाहता प्रबंध लिहिण्याच्या काळातच ईमेलने अर्ज करून आवक क्रमांक मिळवून ठेवावा. शिष्यवृत्ती घेताना सही केलेला करारनामाही पुन्हा वाचावा. परत येण्याची अट त्यात असेल तर ती परवान्याने रद्द होत नाही.

अमेरिका : ओपीटी बारा महिन्यांची. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या शाखांना आणखी चोवीस महिने मिळतात (२००८ मध्ये ही वाढ सतराच महिन्यांची होती, २०१६ मध्ये चोवीस झाली). शेगाव, बडनेरा किंवा नागपूरला अभियांत्रिकी करून एमएसला जाणाऱ्यांचा सगळा हिशेब या तीन वर्षांवर बेतलेला असतो. अर्ज आय-७६५ या फॉर्मवर होतो. त्याआधी विद्यापीठाच्या अधिकाऱ्याने, ज्याला सगळे डीएसओ म्हणतात, आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी दिलेल्या प्रमाणपत्रावर, शिफारस नोंदवावी लागते. अभ्यासक्रम संपण्याच्या आधीचे ९० दिवस ते नंतरचे ६० दिवस, एवढ्यातच अर्ज करता येतो, आणि शिफारशीपासून ३० दिवसांत तो इमिग्रेशन खात्याकडे पोचलाच पाहिजे. शिफारस घेऊन ठेवली आणि फीचे पैसे यायला महिना लागला, की नव्या शिफारशीसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कामाच्या परवान्याचे कार्ड टपालाने येते, तेव्हा खोली बदलत असाल तर पत्ता कळवणे विसरू नये.

काम शिकलेल्या विषयाशी संबंधित हवे. पहिल्या वर्षात बेकारीचे एकूण ९० दिवस चालतात, वाढीव मुदत मिळाल्यास दोन्ही मिळून १५०. हा काठावरचा काळ फसवणुकीला पोषक असतो. ‘तुझं नाव आमच्या कंपनीत दाखवतो’ म्हणणारे भेटतात, पैसे घेतात आणि बनावट अनुभवपत्र देतात. असे प्रकरण उघडकीला आले तर विद्यार्थ्याचा दर्जा जातो, पुढचे व्हिसेही अवघड होतात.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया : कॅनडाचे परमिट आयुष्यात एकदाच मिळते. अभ्यासक्रम किमान आठ महिन्यांचा हवा, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे, आणि पूर्णत्वाचे पत्र मिळाल्यापासून १८० दिवसांत अर्ज. नोव्हेंबर २०२४ पासून भाषेच्या परीक्षेचा निकालही जोडावा लागतो. कॉलेजच्या डिप्लोमाला परमिटसाठी पात्र विषयांची यादी लागू होते, विद्यापीठाच्या पदवीला होत नाही. स्वस्त फी पाहून डिप्लोमा निवडणाऱ्याने ही यादी आधी पाहावी. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिले जात नाही, त्यामुळे बारावीनंतर काढलेल्या पासपोर्टवर किती वर्षे उरली आहेत हे महत्त्वाचे ठरते. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून वयोमर्यादा ३५ झाली आहे. पीएचडी आणि संशोधनाच्या मास्टर्सला ती ५०. अर्ज अभ्यासक्रम पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आलेल्या व्यापार करारामुळे भारतीयांना मास्टर्सनंतर तीन वर्षांपर्यंत मुदत मिळते, हा लाभ इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नाही. जर्मनी पदवीधरांना नोकरी शोधायला अठरा महिने देते, तर आयर्लंड मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांपर्यंत.

गावाकडची कागदपत्रे : अर्ज परदेशात आणि ऑनलाइन होत असला तरी काही धागे गावातच असतात. ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी भारतातले पोलीस क्लिअरन्स, म्हणजे नावावर गुन्हा नसल्याचे पोलिसांचे प्रमाणपत्र, लागू शकते. ते भारतीय वकिलातीमार्फत काढले तरी पडताळणी मूळ पत्त्यावर येऊ शकते. ठाण्यातून फोन येतो, पोलीस पाटील घरी येतात, आणि ‘पोराच्या मागं पोलीस’ अशी कुजबुज सुरू होते. घरच्यांना आधी सांगून ठेवले की पुढचे टळते.

नावांचा घोळ जास्त त्रासदायक. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे. पासपोर्टवर रचना वेगळी. वानखडे आणि वानखेडे यांतली एक मात्रा इंग्रजीत जाताना ए की ई हा प्रश्न उभा करते, आणि शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे असे सर्रास असते. परदेशी विद्यापीठ पासपोर्टवरचे नावच धरते, म्हणून दुरुस्ती करायची तर पासपोर्ट काढण्यापूर्वी, गरज पडल्यास राजपत्रात प्रसिद्ध करून. नंतर वकिलातीत बसून ती करणे महाग आणि वेळखाऊ.

लग्न : स्थळ पाहताना ‘मुलगा लंडनला, वर्क व्हिसावर’ हे बायोडाट्यात ठळक लिहिले जाते, आणि मुलीकडचे धरून चालतात की लग्नानंतर तीही जाईल. ग्रॅज्युएट रूटवर फक्त आधीपासून अवलंबित म्हणून ब्रिटनमध्ये असलेला जोडीदारच राहू शकतो. जानेवारी २०२४ पासून संशोधनाच्या नव्हे तर वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सवाल्यांना सहसा अवलंबित आणता येत नाहीत, त्यामुळे सुट्टीत येऊन लग्न करणाऱ्याची बायको त्याच्यासोबत जाऊ शकत नाही. कॅनडातही जानेवारी २०२५ पासून जोडीदाराला खुले परमिट मिळणे हे परमिटधारकाच्या नोकरीच्या दर्जावर अवलंबून आहे. सोयरिकीच्या बैठकीत हा प्रश्न मुलीच्या बापाने सरळ विचारावा. त्यात संकोच कसला?

एजंट : नागपूर, अमरावती, अकोल्याचे सल्लागार प्रवेशापुरते उपयोगी असतात. त्यांचे कमिशन बहुतांशी विद्यापीठाकडून येते आणि प्रवेशाबरोबर त्यांचा रसही संपतो. ‘पीएसडब्ल्यूची गॅरंटी’ देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, कारण हा परवाना सरकार देते आणि तो निकालावर अवलंबून असतो.

मुदत संपल्यावर : ग्रॅज्युएट रूट वाढवून मिळत नाही. पुढे राहायचे तर स्किल्ड वर्कर व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठी जुलै २०२५ पासून सर्वसाधारणपणे वार्षिक पगार किमान ४१,७०० पौंड, नवोदितांना ३३,४००, आणि नोकरी देणाऱ्याकडे प्रायोजकाचा परवाना हवा. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० अधिक तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी २०,००० आहे. अर्ज त्याहून खूप जास्त येतात, म्हणून निवड करावी लागते. परत येणाऱ्यांपैकी ज्यांना सरकारी भरती, प्राध्यापकी किंवा पुढचे शिक्षण करायचे असते त्यांना परदेशी पदवीची समकक्षता लागते. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये नवे विनियम लागू केले. गुणपत्रिका, अभ्यासक्रमाचा तपशील आणि पदवीची मूळ प्रत परदेश सोडण्यापूर्वीच हाती घ्यावी, कारण ती नंतर टपालाने मागवायला पुन्हा पौंड-डॉलरच मोजावे लागतात.