ओरिक्सचं शिंग आणि भारतात जाणारी बॅग
टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओहून हिल कंट्रीच्या रँच सहलीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी

रँचच्या दुकानात घेतलेलं ओरिक्सचं, म्हणजे रँचवर पाळलेल्या आफ्रिकी हरणाचं, शिंग भारतात नेता येतं का? परवान्यांशिवाय येत नाही. बुकिंग करतानाच विचारलंत तर हे दोन मिनिटांत सांगून होतं. विमानतळावरून विचारलंत की आमची रात्र जाते.

मागच्या उन्हाळ्यात मुलाकडे आलेल्या एका काकूंनी सव्वातीन फुटी शिंग जुन्या साडीत गुंडाळलं, दोन्ही टोकांना मोजे चढवले आणि तिरकं करून बॅगेत बसवलं. काउंटरवर परमिट मागितलं. काकूंकडे दुकानाची पावती होती. मुलगा त्यांना सोडून निघून गेलेला, फोन लागेना. शेवटी पहाटे चारला आम्हीच जाऊन शिंग घेऊन आलो. ते अजून आमच्या गॅरेजमध्ये आहे.

पावती म्हणजे परमिट नव्हे. कोयत्यासारख्या मागे वळलेल्या शिंगांचा हा सिमिटर ओरिक्स सायटीस कराराच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, म्हणजे सर्वात कडक, परिशिष्टात आहे. त्याचं शिंग, कातडं, कवटी, काहीही न्यायचं तर अमेरिकेचा निर्यात परवाना लागतो आणि भारताचा आयात परवानाही. भारताच्या वन्यजीव कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने सायटीसची यादीच घातली आहे. ‘पण हा तर रँचवरच जन्मलेला!’ असं काउंटरवर सांगून भागत नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला: इतका दुर्मीळ प्राणी, मग इथे मारू कसा देतात? हा सहारा वाळवंटाचा आणि त्याच्या दक्षिणेच्या साहेल पट्ट्याचा प्राणी. चाड आणि नायजरमधले शेवटचे कळप 1980 च्या दशकात संपले आणि 2000 साली तो जंगलातून नामशेष जाहीर झाला. टेक्सासमध्ये 1979 साली जेमतेम 32 होते, 2010 च्या रँचवाल्यांच्या मोजणीत अकरा हजारांवर गेले. शिकारी एका नरामागे काही हजार डॉलर मोजतो म्हणून मालक आठ फुटी कुंपण घालतो, दुष्काळात चारा विकत आणतो. एप्रिल 2012 मध्ये शिकारीला अमेरिकेच्या केंद्र सरकारचा परवाना सक्तीचा झाला, 2014 मध्ये ती सक्ती उठली. राज्याचं शिकार लायसन्स मात्र लागतंच. चाडमध्ये 2016 पासून ओरिक्स पुन्हा सोडले, ते अबू धाबीहून विमानाने गेले; हे रँचवाले सहसा आपणहून सांगत नाहीत, म्हणून आम्ही सांगतो. डिसेंबर 2023 मध्ये ‘जंगलातून नामशेष’ हा शिक्का पुसला गेला, आता तो ‘संकटग्रस्त’ आहे.

आम्ही शिकार लावून देत नाही, बंदूकवाल्यांच्या दिवशी गाडीही नेत नाही. पण ज्या रँचवर नेतो तिथे शिकार होते, हे लपवत नाही. काहींना ते पटत नाही. बुकिंगआधी तसं सांगा, नुसती काळवीट बघायची सहलही आहे. (हो, आपलंच काळवीट. 1930 च्या दशकात इथे आणलं. रेहेकुरीला ज्याच्यासाठी अभयारण्य आहे, त्याचीही इथे शिकार चालते. गाडी इथे हमखास गप्प होते.)

ओरिक्सच्या नर-मादी दोघांनाही शिंगं असतात, मादीची बारीक. ‘नर दाखवा’ म्हणालात तर ड्रायव्हरला दुर्बीण काढावी लागते, थोडा धीर धरा. पाणवठ्यावर सूर्य उगवताना पंचवीस-तीस पांढऱ्या पाठी एका रांगेत येतात, छातीवर तांबूस रंग सांडल्यासारखा. हे दुपारी बाराला दिसत नाही. तेव्हा सगळे ओकच्या सावलीत बसलेले असतात आणि ‘पैसे वाया गेले’ हा फोन आम्हाला येतो. साडेपाचची गाडी त्यासाठीच आहे.

शिंग हवंच असेल तर आमच्याकडे खऱ्या शिंगाच्या साच्यातून ओतलेलं रेझिनचं मिळतं, वळ्यांसकट. पावतीवर ‘रेझिन’ असं ठळक लिहून देतो. लहान माप, म्हणजे दोन फुटी, चेक-इन बॅगेत आडवं बसतं. सहलीच्या आठ दिवस आधी सांगा, साच्यातून काढून रंग वाळायला तेवढे दिवस लागतात.