सूज कुठली, ते आधी विचारा

पुनर्नवा या औषधी वनस्पतीचं एक संस्कृत नाव शोथघ्नी, म्हणजे सूज घालवणारी. त्यामुळे ‘पुनर्नवेच्या मुळाचा अर्क सुजेवर गुणकारी, प्रयोगशाळेत सिद्ध’ असं वाचलं की आजीचं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटतं. मला मात्र पहिला प्रश्न पडतो: सूज कोणाची, आणि ती आणली कशाने?

बहुतेक वेळा उंदराची, आणि कॅरॅगीननने. लाल समुद्रशैवालातून मिळणारा हा चिकट पदार्थ चॉकलेटच्या दुधातही दाटपणासाठी घालतात. सुजेच्या औषधांसाठी ही चाचणी विंटर, रिस्ली आणि नस यांनी १९६२ साली मांडली. आधी अर्क पाजायचा, तासाभराने मागच्या तळव्यात कॅरॅगीननचं १ टक्का द्रावण, जेमतेम ०.१ मिली, टोचायचं. मग दर तासाला पंजा बुडवून किती पाणी वर चढलं ते मोजायचं. शाळेतला आर्किमिडीजच!

खरी गंमत घड्याळात आहे. पहिल्या तासात हिस्टामीन आणि सेरोटोनिन ही शरीरातलीच सूज आणणारी रसायनं रक्तवाहिन्या सैल करतात, पाणी बाहेर झिरपतं. मग तसंच तिसरं रसायन, ब्रॅडिकायनिन. याच गटातल्या प्रोस्टाग्लँडिनांचा जोर येतो तो साधारण तिसऱ्या तासाला, कारण ती बनवणारं कॉक्स-२ हे विकर (एन्झाइम) पेशींना नव्याने तयार करावं लागतं. पेशीच्या आवरणातून सुटलेल्या ॲराकिडॉनिक आम्लापासून ते प्रोस्टाग्लँडिनांचा कच्चा माल घडवतं. ॲस्पिरिन हीच निर्मिती अडवतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलचे ते मानकरी झाले. म्हणून अर्काने पहिल्याच तासात सूज रोखली, की तिसऱ्या तासानंतर, यावरून तो कुठे काम करत असावा याचा माग लागतो. नुसती ‘इतके टक्के घट’ यातलं काहीच सांगत नाही.

त्यात मात्रा. उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला जवळजवळ ४ ग्रॅम अर्क लागेल. सुक्या मुळातून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं, तर ४० ग्रॅम मुळं. ‘चमचाभर चूर्णाने संधिवात गायब’ म्हणणाऱ्यांना हा हिशेब जरूर विचारा.

आणि पुनर्नवा आयुर्वेदात लघवी वाढवणारी म्हणून, अंगावर पाणी चढतं त्या सुजेवरही देतात. ती सूज हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्याने येते. पंजाच्या चाचणीत तुलनेला वापरतात ते सूज उतरवणारं औषध, इंडोमेथॅसिन, शरीरात मीठ-पाणी साठवून ठेवतं, म्हणजे ही दुसरी सूज उलट वाढवू शकतं. तिच्याबद्दल उंदराचा पंजा काहीच सांगत नाही.