वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधीच्या शंका कुठून आल्या

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली गेल्यापासून तिची तारीख नक्की होईपर्यंतचे महिने बहुतेकांचे घालमेलीत जातात. जिवावर तर बेतणार नाही ना, एकदा कापलेले पुन्हा पूर्ववत करता येईल का, उतरलेले वजन परत चढले तर काय, आणि जे स्वतःच्या निग्रहाने साधायला हवे होते ते सुरीकडून करून घेणे ही पळवाट तर ठरणार नाही ना, हे प्रश्न रात्री झोपू देत नाहीत. घरची माणसे आणि कधीकधी डॉक्टरही त्यांना ‘भीती’ म्हणून मोडीत काढतात. वस्तुतः यांतल्या जवळजवळ प्रत्येक शंकेमागे या शस्त्रक्रियेच्या सत्तर वर्षांच्या इतिहासात खरोखर घडलेले काहीतरी आहे, आणि ते ठाऊक असलेला माणूस आपल्या सर्जनला अधिक नेमके प्रश्न विचारू शकतो.

मुळातली अडचण अशी, की येथे सर्जन निरोगी अवयवावर सुरी चालवतो. अपेंडिक्स सुजले म्हणून काढतात, पित्ताशयात खडे झाले म्हणून ते काढतात. येथे मात्र जठर आणि आतडे आपापले काम चोख करत असतात, आणि नेमके तेच काम कमी व्हावे म्हणून त्यांची रचना बदलायची असते. या कल्पनेला वैद्यकीय साहित्यात ठळक स्थान मिळाले ते १९५४ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांच्या निबंधामुळे. ते संशोधन मुख्यतः कुत्र्यांवरचे होते आणि लहान आतड्याचा कोणता भाग पोषणासाठी किती महत्त्वाचा आहे, हे त्यात तपासले होते. आतड्याचा मोठा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला, तर खाल्लेले अंगी लागत नाही आणि वजन उतरते, हे त्यातून दिसले. माणसावर तो प्रयोग करण्याचा मोह आवरणे त्यानंतर अवघड होते.

पेन आणि डीविंड या सर्जनांनी आधी लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग थेट मोठ्या आतड्याला जोडून पाहिला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अनुभवात वजन झपाट्याने उतरत होते. पण न थांबणारे जुलाब, शरीरातील क्षारांचा असमतोल आणि यकृताचे विकार यांमुळे ही जोडणी टिकवणे अशक्य ठरले, आणि ती उलटवून आतडे पूर्ववत केल्यावर वजनही पूर्वीच्या जागी परत आले. मग १९६९ साली त्यांनी सुधारित पद्धत मांडली. तिच्यात लहान आतड्याचे सुरुवातीचे सुमारे १४ इंच आणि शेवटचे सुमारे ४ इंच एवढेच अन्नाच्या वाटेत ठेवून मधले सगळे आतडे वगळले जाई. सुमारे सहा मीटर लांबीच्या आतड्यापैकी जेमतेम अर्धा मीटर कामाला लावणारी ही शस्त्रक्रिया १९७०च्या दशकात हजारो लोकांवर झाली.

तिचे दुष्परिणाम एकदम दिसले नाहीत, आणि पुढच्या सगळ्या अविश्वासाचे बीज यातच आहे. पहिले वर्षभर रुग्ण खूश असत, सर्जन समाधानी असत. त्यानंतर कोणाला मूतखडे होऊ लागले, कारण चरबीचे पचन बिघडल्यामुळे ऑक्झलेट हे खडे घडवणारे द्रव्य अधिक प्रमाणात शोषले जात होते. कोणाचे सांधे सुजले, कोणाला ब-१२ जीवनसत्त्वाची आणि इतर पोषणद्रव्यांची कमतरता भासू लागली, वगळलेल्या आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ झाली, आणि काहींचे यकृत निकामी होऊन त्यांचा मृत्यू ओढवला. ही पद्धत पुढे सोडून देण्यात आली; ज्यांच्यावर ती झाली होती त्यांतील अनेकांना ती उलटवण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. ‘आज ठीक वाटते आहे, पण दहा वर्षांनी काय?’ हा आजच्या रुग्णाचा प्रश्न तेव्हाच्या रुग्णांनी आपल्या अंगावर सोसलेला आहे. ही शस्त्रक्रिया झालेल्यांची आयुष्यभर नियमित तपासणी व्हावी, हा आज सर्वमान्य असलेला आग्रहदेखील याच काळाने शिकवला.

दुसरी वाट आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी काढली. पोटातील व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन नंतर सहजासहजी वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्याच निरीक्षणावरून त्यांनी आणि चिकाशी इतो यांनी १९६६-६७ मध्ये गॅस्ट्रिक बायपास सुरू केली : जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो आतड्याला जोडायचा, म्हणजे अन्न उरलेल्या जठराला वगळून पुढे जाईल. १९७७ साली ग्रिफन या सर्जनांनी या जोडणीला ‘रू-एन-वाय’ हे वळण दिले. स्विस सर्जन सेझार रू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरात आणलेली ही आतड्याची इंग्रजी वाय आकाराची जोडणी पित्त जठराच्या पिशवीत येऊ देत नाही. गॅस्ट्रिक बायपास आजही केली जाते. तिच्यानंतर लोह, कॅल्शियम आणि ब-१२ यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने कायमची घ्यावी लागतात, आणि गोड खाल्ल्यावर धडधडणे, घाम येणे, गळून जाणे असा त्रास काहींना होतो. मेसन यांनी रुग्णांची नोंदवही ठेवण्याचा आणि दीर्घ पाठपुराव्याचा आग्रह धरला, हे त्यांच्या शस्त्रक्रियेइतकेच मोलाचे काम होते, असे माझे मत आहे.

कोणावर शस्त्रक्रिया करावी याचा निकष १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या सहमती परिषदेतून आला : बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ४० किंवा त्याहून अधिक, किंवा ३५ पासून पुढे असून सोबत मधुमेहासारखा गंभीर विकार. रुग्ण नीट माहिती घेतलेला असावा आणि त्याची तपासणी अनेक विषयांच्या तज्ज्ञांनी मिळून करावी, हेही त्या परिषदेने म्हटले होते. पुढे लोकांच्या लक्षात मात्र आकडेच राहिले. बीएमआयचे सूत्र एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले यांचे आणि त्याचे आजचे नाव १९७२ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी रूढ केलेले. लोकसमूहांच्या सरासरीसाठी ते बरे, एकट्या माणसाच्या शरीराविषयी ते फार थोडे सांगते. तरीही ही सीमारेषा ३१ वर्षे जवळजवळ तशीच राहिली. २०२२ साली अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती बदलून ३५ च्या पुढे अन्य विकार नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस केली, ३० च्या पुढे चयापचयाचे विकार असल्यास तिचा विचार करावा असे म्हटले आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी ही सीमा २७.५ पर्यंत खाली आणली. कालपर्यंत जो ‘बसत नव्हता’ तो एका निवेदनाने ‘बसू लागला’, तेव्हा त्याने थोडे थांबून विचार करणे स्वाभाविकच आहे.

पूर्ववत करता येण्याजोगे काहीतरी हवे, या इच्छेने स्वतंत्र बाजारपेठच उभी केली. १९८५ साली अमेरिकेत जठरात सोडायच्या एका फुग्याला मान्यता मिळाली. जठराला होणाऱ्या इजा आणि पदरात न पडणारा लाभ यांमुळे काही वर्षांतच तो मागे घेतला गेला. त्यानंतर आला जठराभोवतीचा घट्टसैल करता येणारा पट्टा, म्हणजे बँड, ज्याला तेथे २००१ साली मान्यता मिळाली. काही कापायचे नाही, नको वाटला तर काढून टाकायचा, हे त्याचे आकर्षण होते आणि साशंक माणसाला ते पटकन पटत असे. २०११ साली ब्रुसेल्समधील सर्जनांनी आपला बारा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांचा पट्टा काढावा लागला होता. काढता येतो हा गुण, काढावा लागतो या दोषात असा बदलला.

पट्टा मागे पडत गेला तशी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून त्याची अरुंद नळी करण्याची शस्त्रक्रिया, पुढे आली आणि आज जगात सर्वाधिक केली जाणारी शस्त्रक्रिया तीच आहे. ती मूळची एका मोठ्या शस्त्रक्रियेचा भाग. अतिशय स्थूल रुग्णांना सगळे एकदम झेपणार नाही म्हणून पहिला टप्पा एवढाच करावा, असे २००० नंतर ठरू लागले, आणि अनेकांचे वजन त्या टप्प्यातच पुरेसे उतरले. तिच्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग कायमचा काढला जातो. तो परत जोडता येत नाही. शिवाय छातीत जळजळ आणि आम्ल वर येणे ही तिच्यानंतरची नेहमीची तक्रार असल्याने, ज्यांना तो त्रास आधीपासून आहे त्यांनी स्लीव्ह की बायपास हा प्रश्न सर्जनपुढे अवश्य ठेवावा.

जिवाच्या भीतीचे काय? १९९४ साली विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी दुर्बिणीतून गॅस्ट्रिक बायपास केल्याचे प्रसिद्ध केले. पोट उघडण्याऐवजी काही छोट्या छिद्रांतून काम होऊ लागले. तरी २००५ साली अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमा योजनेतील वृद्ध व अपंग रुग्णांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा ३० दिवसांच्या आत २ टक्के आणि वर्षभरात ४.६ टक्के मृत्यू दिसले. याच्या उलट २००९ साली अनुभवी केंद्रांतील ४,७७६ रुग्णांच्या अभ्यासात ३० दिवसांतील मृत्यू ०.३ टक्के होते. हे दोन्ही आकडे खरे आहेत. वय, आधीचे आजार, शस्त्रक्रियेचा प्रकार आणि सर्जनचा सराव यांवर धोका किती फिरतो, ते या दोहोंतील अंतर सांगते, आणि म्हणून ‘धोका किती?’ यापेक्षा ‘माझ्यासारख्या रुग्णांत, तुमच्या हातून, किती?’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

या सगळ्यात सर्वाधिक शिकवणारी गोष्ट स्वीडनमध्ये घडली. तेथे १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया कोणावर करायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवण्यास नैतिकता समित्यांनी नकार दिला, कारण त्या काळी शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण फार होते. शंका तेव्हा समित्यांच्याही मनात होती. परिणामी निवड रुग्णांवरच सोपवली गेली : २,०१० जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि तुलनेसाठी ती न घेतलेले तशाच वजनाचे २,०३७ जण निवडले गेले. सरासरी सुमारे ११ वर्षांनंतर, २००७ साली, निष्कर्ष आले. शस्त्रक्रिया न झालेल्यांत १२९ मृत्यू झाले होते, झालेल्यांत १०१. शस्त्रक्रिया न झालेल्यांचे सरासरी वजन पंधरा वर्षांपर्यंत दोन टक्क्यांच्या आतच हलले. शस्त्रक्रिया झालेल्यांत दहा वर्षांनी बायपासवाल्यांचे २५ टक्के, टाक्यांनी जठर आवळलेल्यांचे १६ टक्के आणि पट्टावाल्यांचे १४ टक्के उतरलेले होते. पहिल्या एक-दोन वर्षांत उतरलेल्या वजनापैकी काही परत आले होते, सगळे नाही. २०२० साली याच अभ्यासाने आणखी एक हिशेब दिला : शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुष्य न झालेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक, पण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा साडेपाच वर्षांनी कमी. जाहिराती यातले पहिले वाक्य सांगतात. दुसरेही सांगायला हवे.

आणि येथे एक खोच आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या त्या स्वीडिश रुग्णांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांवर जी टाक्यांनी जठर आवळण्याची शस्त्रक्रिया झाली, ती निष्कर्ष हाती येईपर्यंत वापरातून जवळजवळ गेली होती. दीर्घकाळाचा पुरावा कालच्या शस्त्रक्रियेचा असतो आणि निर्णय आजच्या शस्त्रक्रियेचा घ्यायचा असतो. शंका पूर्ण न फिटण्याचे हे कारण खुद्द सर्जनपुढेही असते.

मनावरील परिणामांची नोंद उशिरा सुरू झाली. २००७ सालच्या अमेरिकेतील युटा राज्याच्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी आढळले, पण अपघात, आत्महत्या अशा रोगाव्यतिरिक्त कारणांनी झालेले मृत्यू मात्र ५८ टक्क्यांनी अधिक होते. २०१२ साली दुसऱ्या एका अभ्यासात दारूच्या आहारी जाणाऱ्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या ७.६ टक्क्यांवरून दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेलेले दिसले; बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि अधिक भिनते. शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे का पाठवतात, असे चिडून विचारणाऱ्यांना हे कोणी समजावून सांगत नाही.

‘पळवाट’ या शब्दाचा निकाल मात्र विज्ञानाने बऱ्यापैकी लावला आहे. उपासाने वजन उतरले की भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते, असे २००२ साली दाखवले गेले. बायपासनंतर जीएलपी-१ हे तृप्ती देणारे संप्रेरक जेवणानंतर पुष्कळ वाढते. म्हणजे शस्त्रक्रिया निग्रहाची जागा घेत नाही, ती निग्रहाविरुद्ध लढणाऱ्या शरीराला थोडे शांत करते. तरीही शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने काही महिने डाएट करून दाखवावे, ही अट अनेक विमा कंपन्या घालत राहिल्या, आणि तिला पुराव्याचा आधार नाही असे अमेरिकी बॅरिअ‍ॅट्रिक संघटनेला, म्हणजे या शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्याच संघटनेला, २०१६ साली लेखी सांगावे लागले.

गेल्या काही वर्षांत शंकेने नवे रूप घेतले आहे : इंजेक्शन आलेले असताना सुरी कशाला? त्याच जीएलपी-१ ची नक्कल करणाऱ्या सेमाग्लुटाइडला वजनासाठी अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी सुमारे १५ टक्के उतरले आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन-तृतीयांश परत आले. वजनाच्या औषधांचा पूर्वेतिहासही निर्धास्त करणारा नाही. फेनफ्लुरामिन हे गाजलेले औषध हृदयाच्या झडपा बिघडवते असे दिसल्यावर १९९७ साली मागे घ्यावे लागले होते. २०२१ साली मान्य झालेल्या औषधाचा दहा वर्षांचा हिशेब २०३१ च्या आधी मिळणार नाही. तोवर थांबायचे ठरवणाऱ्याने मधल्या काळात आपला मधुमेह, रक्तदाब आणि झोपेत अडकणारा श्वास यांचे काय होणार आहे, हे डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावे, कारण स्वीडनमधील २,०३७ जणांची नोंद थांबण्याचेच काय होते, याचीही नोंद आहे.