पान लागल्यावरचे पहिले दोन तास

कोकणातल्या जुन्या बोलण्यात साप चावला असं थेट म्हणत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. भातकापणीच्या दिवसांत हे शब्द कानावर आले की पहिला प्रश्न अंतराचा येतो. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून डांबरी रस्ता किती लांब, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब, आणि तिथून ‘पुढे न्या’ अशी चिठ्ठी मिळाली तर जिल्ह्याचं गाव आणखी किती लांब. रत्नागिरी जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत, कारण कमावते पुरुष मुंबईला. त्यामुळे रात्री मोटरसायकल काढणारं माणूसही वाडीत असेलच असं नाही.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली, वर्षाला सरासरी ५८ हजार. घरोघरच्या मृत्यूंची विचारपूस करून काढलेला हा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयांच्या वह्यांत यातला थोडाच भाग होता, कारण बहुतेक माणसं दवाखान्यापर्यंत पोचलीच नव्हती.

सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्याच्या फटीत, गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या चिऱ्यांमध्ये असतं ते फुरसं. जेमतेम हातभर लांब, मातकट रंगाचं, गवत कापणाऱ्या हाताला दिसतच नाही. भाताच्या खाचरात आणि बांधावर घोणस. या दोघांचं विष रक्त गोठू देत नाही. हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, घोणशीच्या दंशात मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर काम करतं. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, सूज नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर झोपडी बांधून राहणारी कातकरी कुटुंबं, आंब्याच्या बागेत राखणीला असलेले नेपाळी गडी यांच्याकडे खाट नसते. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्यानं मण्यारीचा धोका खूप कमी होतो.

दंश झाला की त्या हाताची किंवा पायाची हालचाल थांबवायची, मोडलेल्या हाडाला बांधतात तशी सैल पट्टी आणि फळी बांधायची. बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढायची, सूज चढल्यावर ती निघत नाहीत. करकचून दोरी बांधू नये. फुरशाच्या दंशावर ब्लेडनं चीर दिली तर रक्त थांबतच नाही. वेळ लक्षात ठेवायची आणि निघायचं. १०८ला फोन लावायचा, पण गाडी दारात येत नसेल तर वाट पाहत बसू नये. मोटरसायकलवर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून न्यावं.

आरोग्य केंद्रात पहिली तपासणी इतकी साधी आहे की तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. नवी, कोरडी, स्वच्छ काचेची नळी घ्यायची, शिरेतलं २ मिली रक्त तिच्यात घालायचं, आणि २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं. मग एकदाच तिरपी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विषानं गोठण्याची क्रिया मोडली आहे. चूक होते ती नळीत. साबणानं धुतलेली किंवा प्लॅस्टिकची नळी घेतली तर चांगलं रक्तही गोठत नाही, आणि नसलेल्या विषावर महागडं औषध खर्ची पडतं. वीस मिनिटांच्या आत कुणी उचलून पाहिलं तरी निकाल बिघडतो.

रक्त गोठलं नाही, किंवा पापण्या खाली आल्या, तर प्रतिविष, म्हणजे विषावरचं औषध. कुपीतल्या पावडरीत १० मिली पाणी मिसळायचं, ते ढवळून नव्हे तर हलकेच फिरवून विरघळवायचं, फेस होऊ द्यायचा नाही. पहिला डोस ८ ते १० कुप्या, सलाईनमधून साधारण तासाभरात. लहान मुलालाही तेवढाच, कारण साप मुलाचं वजन पाहून विष कमी सोडत नाही. सहा तासांनी काचेच्या नळीची तपासणी पुन्हा. मध्ये करून उपयोग नसतो, यकृताला गोठण्याचे घटक पुन्हा तयार करायला तेवढा वेळ लागतो.

हे सगळं प्राथमिक केंद्रात होऊ शकतं, आणि तरीही पहिला डोस न देता चिठ्ठी लिहिली जाते, हा आमच्या मते सगळ्यात जीवघेणा दोष आहे. भीती खोटी नाही. प्रतिविष सापाचं विष टोचलेल्या घोड्याच्या रक्तापासून बनतं, काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते, आणि रात्री डॉक्टर एकटाच असतो. पण त्यावरचा उतारा स्वस्त आहे. मोठ्या माणसासाठी अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये आधीच भरून ठेवायचं, अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला की प्रतिविष थांबवून ते मांडीच्या स्नायूत द्यायचं, रुग्ण सावरला की सलाईन पुन्हा हळूहळू सुरू. डोस देऊन मग पुढे पाठवलेला रुग्ण आणि तसाच पाठवलेला रुग्ण, यांच्यात दोन-तीन तासांचा फरक पडतो. घोणशीच्या दंशात तेवढ्या वेळात मूत्रपिंडं जाऊ शकतात.

छोट्या गावात मोठं काम होतं याचा दाखला याच कोकणात आहे. लाल विंचवाच्या दंशानं मुलं हृदय निकामी होऊन दगावत असत. महाडमध्ये काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली, १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिलं, आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले.

प्रतिविषालाही मर्यादा आहे. ते फुरसं, घोणस, नाग आणि मण्यार या चारच जातींवर चालतं, घाटातल्या हिरव्या चापड्या सापावर नाही. शिवाय देशभरच्या प्रतिविषासाठी बरंचसं विष तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येतं, आणि घोणशीचं विष प्रदेशागणिक बदलतं. स्थानिक सापांचं विष वापरून प्रतिविष करण्याची मागणी म्हणूनच होते.

नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना कळवलं. नोंद झाली तर कोणत्या आरोग्य केंद्रात किती कुप्या लागतात ते जूनच्या आधी ठरवता येईल. दवाखान्याच्या कागदावर ‘सर्पदंश’ हा शब्द आहे ना, हे नातेवाइकांनीही पाहून घ्यावं. खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य यांच्यासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, तिच्यात सर्पदंशाच्या मृत्यूला २ लाख रुपये मिळतात आणि अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. त्याच शेतात, त्याच सापानं दंश झालेल्या भूमिहीन कातकरी मजुराचं नाव मात्र सातबारावर नसतं, म्हणून या योजनेत तो बसत नाही.