किओज्जाचं युद्ध (१३७८-१३८१)

व्हेनिस आणि जेनोआ या इटलीतल्या दोन दर्यावर्दी प्रजासत्ताकांमधलं हे शेवटचं मोठं युद्ध. दोघांचंही पोट पूर्वेकडच्या व्यापारावर, काळ्या समुद्राकडचं धान्य आणि गुलाम, इजिप्तमार्गे येणारी मिरी, त्यामुळे शंभर वर्षांहून जास्त काळ यांची भांडणं चालूच होती (मार्को पोलो जेनोआच्या तुरुंगात पडला तो याच भांडणात). यावेळी निमित्त झालं टेनेडॉस, दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या तोंडावरचं छोटंसं बेट, ज्याच्या हातात ते त्याचा काळ्या समुद्राच्या वाटेवर पहारा.

जेनोआच्या बाजूने शेजारच्या पाडुआ शहराचा सत्ताधीश कारारा आणि हंगेरीचा राजा, म्हणजे व्हेनिसला समुद्र आणि जमीन दोन्हीकडून घेरलेलं. १३७९ च्या मे महिन्यात एड्रियाटिक समुद्रावरच्या पोला बंदराजवळ व्हेनिसचं आरमार पार मोडलं आणि सेनापती वेत्तोर पिसानीला हरला म्हणून तुरुंगात टाकलं. हा सरळ अन्याय होता, कारण हिवाळ्यात जहाजं घरी आणायची परवानगी त्याला सिनेटनेच दिली नव्हती आणि खलाशी आजारपणाने आधीच खंगलेले. मग ऑगस्टमध्ये जेनोआने व्हेनिसभोवतीच्या खाजणाच्या (उथळ खाडीच्या) दक्षिण टोकाचं किओज्जा हे गाव घेतलं, शत्रू एकदम दारातच आला, व्हेनिसने तहाची बोलणी करून बघितली ती पण फेटाळली गेली.

आता खरी गोष्ट. नवीन जहाजांवर वल्ही मारायला लोकच तयार होईनात, पिसानी असेल तरच आम्ही जाणार म्हणाले, आणि सरकारला त्याला सोडावं लागलं. सत्तरी ओलांडलेला डोजे (तिथला निवडून दिलेला प्रमुख) आंद्रेआ कोंतारिनी स्वतः जहाजावर चढला. डिसेंबरमध्ये रातोरात दगड भरलेली जुनी जहाजं खाजणाच्या वाटांमध्ये बुडवली आणि वेढा घालणारेच आत कोंडले गेले. माझ्या मते सगळ्या युद्धातली सगळ्यात हुशार चाल हीच, कारण समोरासमोर लढायची ताकद तेव्हा व्हेनिसकडे नव्हतीच. तरी थंडी, उपासमार याने व्हेनिसचेही लोक टेकीला आलेले, तेवढ्यात १ जानेवारी १३८० ला व्हेनिसचा दुसरा सेनापती कार्लो झेनो पूर्वेकडून आपली जहाजं घेऊन पोचला. दोन्हीकडून तोफा वापरल्या गेल्या, जेनोआचा सेनापती पिएत्रो दोरिया तोफेच्या माऱ्यातच मेला. जूनमध्ये अन्न संपल्यावर किओज्जातल्या जेनोआवाल्यांनी शरणागती पत्करली.

पिसानी मात्र ऑगस्टमध्येच वारला. १३८१ चा तह सावॉयच्या काउंटच्या मध्यस्थीने तुरीनला झाला, कागदावर व्हेनिसला फार काही मिळालं नाही, टेनेडॉस पण सोडावं लागलं. पण जेनोआ पुढे घरच्याच भांडणात अडकली आणि १३९६ मध्ये फ्रान्सच्या राजाच्या ताब्यात गेली, तर व्हेनिसने १४०५ ला पाडुआच गिळलं. युद्धात पैसा आणि माणसं देणाऱ्या ३० घराण्यांना व्हेनिसने उमरावपद दिलं, त्यात दुकानदार पण होते.